काकांचे सर अँब्रोज

सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजाशी शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिलेला माणूस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. तो शारजात अल नहदाला राहायचा, दुबईतल्या एका कंपनीत ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची एस्टिमेट्स करायचा, वरणभातावर लिंबू पिळल्याशिवाय त्याला जेवल्यासारखं वाटायचं नाही, आणि तो माझ्या धाकट्या मावशीचा नवरा होता. इंग्लंडला ते कधी गेलेले नव्हते. इंग्रजांबद्दल त्यांना विशेष प्रेम होतं असंही नाही. ऑफिसातल्या इंग्रज मॅनेजरच्या चहाला ते ‘आजाऱ्याचा चहा’ म्हणायचे. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी तिथल्या कुठल्याशा खेड्यात राहून गेलेल्या सर अँब्रोज नावाच्या एका बॅरोनेटवर त्यांचा जीव जडला होता, आणि तो इतका, की मी दुबईत नोकरी लागून शारजात राहायला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हे सर म्हणजे मावशीच्या सासरचे कोणी तरी असणार.

हे प्रकरण घरात आलं ते एका कपाटामुळे. जुमेराला राहणारं एक इंग्रज कुटुंब गाशा गुंडाळून मायदेशी निघालं होतं आणि घरातल्या वस्तू स्वस्तात काढत होतं. मावशीने काकांना तिथे कपाट बघायला पाठवलं. काका संध्याकाळी परत आले ते कपाटाशिवाय, काखेत एक जाडजूड पुस्तक घेऊन. कुठल्याशा गावच्या पाद्र्याने आपल्या गावातल्या सरदार घराण्याचा इतिहास लिहिला होता. काकांनी तो त्या घरात सहज चाळायला घेतला, उभ्याउभ्या दोन प्रकरणं वाचली, आणि तोवर कपाट दुसऱ्याने नेलं. मावशी पुढची कित्येक वर्षं चादरी पलंगाखालच्या सूटकेसमध्ये ठेवत होती. सर अँब्रोजना ती ‘अंबूराव’ म्हणायची. चादर काढायला खाली वाकली की म्हणायची, ‘अंबूरावांची कृपा.’

बॅरोनेट म्हणजे काय, हे काका कोणी न विचारताही समजावून सांगत. आपल्याकडे वंशपरंपरेची इनामं असायची तसा तो वंशपरंपरेचा ‘सर’. बापाला सर म्हणायचं, बाप गेला की थोरल्या मुलाला म्हणायचं, आणि तो नसला तर जो उरेल त्याला. खरा लॉर्ड याच्याहून एक पायरी वर, पण काकांच्या मते लॉर्ड मंडळी दोन्हीकडे पाय ठेवून असत. मनापासून राजाच्या बाजूने उभा राहायचा तो बॅरोनेटच. हे सगळं इतक्या आत्मीयतेने चालायचं की नव्या माणसाची फसगत व्हायची. आमच्या मराठी मंडळींच्या एका जेवणावळीत पुण्याहून नुकत्याच आलेल्या एक बाई काकांच्या शेजारी बसल्या. काका त्यांना भाजी वाढता वाढता सांगत होते की सरांच्या वाड्याला वेढा पडलाय, थोरला मुलगा गेला, धाकटा शत्रूला जाऊन मिळाला, आणि स्वतः सर कुठे आहेत त्याचा पत्ता नाही. बाईंना वाटलं, हे त्यांच्या ऑफिसातले सर. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशीला फोन केला आणि हळू आवाजात विचारलं, सरांच्या मिसेसना भेटायला जावं का, आणि जाताना काही करून न्यावं का.

सर अँब्रोजच्या राजाचा शिरच्छेद झाला तो दिवस जानेवारीच्या शेवटी येतो. त्या दिवशी काका उपास करायचे. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि उकडलेली रताळी, कारण इंग्लंडच्या राजासाठी करायच्या उपासाला दुसरं काय चालतं हे पाद्र्याने लिहिलेलं नव्हतं. मावशीने एकदा शांतपणे विचारलं होतं की त्या राजाने जन्मात कधी साबुदाणा पाहिला होता का. काकांनी त्यावर आणखी थोडं दाण्याचं कूट मागून घेतलं. रात्री जेवणाआधी ते कोकम सरबताचा ग्लास उंच धरून राजाच्या नावाने एक घोट घेत. सर अँब्रोज वाइन घ्यायचे, पण शारजात दारूबंदी असल्यामुळे सर समजून घेतील अशी त्यांची खात्री होती.

शुक्रवारी आम्ही सगळे ममझारच्या बागेत जायचो. तिथे समुद्रकाठी ते वाळूचा वाडा करायचे, खंदक खणायचे आणि मराठी मंडळींच्या पोरांना दोन सैन्यांत वाटायचे. ही पोरं शारजातच वाढलेली. आपण मराठीत विचारावं आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यावं असा तो संवाद. एका मुलीने विचारलं, ‘अंकल, हू आर द बॅड गाइज?’ काका हातातली वाळू झटकत म्हणाले, ‘बेटा, देअर वेअर नो बॅड गाइज. दॅट वॉज द होल प्रॉब्लेम.’ मुलगी निराश होऊन पोहायला गेली. पण मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे नुसतं वेड नाही, या माणसाने काहीतरी विचार करून ठेवलेला आहे.

सरांचं चरित्र मी मात्र ऐकलं ते गाडीत. सकाळी शारजाहून दुबईला आणि संध्याकाळी दुबईहून शारजाला जाणारे आम्ही हजारो लोक रोज एकाच रस्त्यावर एकमेकांच्या गाड्यांचे मागचे दिवे बघत बसायचो. काकांच्या पांढऱ्या गाडीत पुढे मी आणि मागे त्यांच्याच ऑफिसातले ड्राफ्ट्समन जोसेफ, केरळचे. जोसेफसाठी कथा हिंदीत चालायची. ‘सर अँब्रोज बोला, जब तक मैं जिंदा है, किला नहीं देगा,’ असं काका स्टिअरिंगवर हात आपटून सांगायचे आणि शेजारच्या गाडीतला पठाण ड्रायव्हर काच खाली करून बघायचा.

तर, राजाचं आणि पार्लमेंटचं बिनसलं, देशात लढाई पेटली, आणि सर अँब्रोजनी गावातले शेतकरी गोळा करून राजासाठी घोडदळ उभं केलं. शूर होते, पण लढाईचं अंग नव्हतं. पहिल्या लढाईला घोड्याचा नाल पडल्यामुळे उशिरा पोचले. दुसऱ्या लढाईत शत्रू पळाला तेव्हा त्याच्यामागे इतके लांब गेले, की परत आले तोवर बाकीचं सैन्य हरून घरी गेलं होतं. खरी लढली ती त्यांची बायको, लेडी मार्गारेट. पार्लमेंटच्या सैन्याने वाड्याला वेढा घातला तेव्हा तिने स्वैपाकघरातल्या कथलाच्या ताटल्या वितळवून गोळ्या पाडल्या आणि दार उघडलं नाही. इथे मावशीची सहानुभूती पूर्णपणे तिच्याकडे असायची. ‘ताटल्या तिच्या माहेरच्या असणार,’ ती म्हणायची, ‘आणि हे बसलेत राजाच्या मागे हिंडत.’ थोरला मुलगा एडमंड लढाईत पडला. धाकटा राल्फ लंडनला वकिली शिकायला गेला होता, तो तिकडेच पार्लमेंटला मिळाला. सरांनी दिवाणखान्यातली त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून लावली आणि घरात त्याचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं.

मग राजा पकडला गेला, मारला गेला, आणि सर परदेशी पळाले. फ्रान्समध्ये एका पाववाल्याच्या माडीवर खोली घेऊन राहिले. तिथली भाषा शिकायची नाही असा त्यांचा हट्ट, कारण आज ना उद्या परत जायचंच आहे. हा भाग सांगताना काकांचा आवाज उतरायचा. गाड्या पुढे सरकायच्या, मागचे हॉर्न द्यायचे, तरी त्यांचा पाय ब्रेकवरच असायचा. ‘दोन वर्षांत परत जायचं म्हणून मीही आलो होतो,’ एकदा ते मला मराठीत म्हणाले, ‘तुझी मावशी तेव्हा कुकरसुद्धा नवीन घेऊ देत नव्हती.’ पुढे सर गुपचूप मायदेशी आले, वाडा शाबूत होता, काही वर्षांनी नवा राजा गादीवर आला. यानंतर काका गाडी घरापाशी लावायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या लढाईपासून सुरुवात व्हायची. वाडा शाबूत कसा राहिला, राल्फचं काय झालं, हे जोसेफ दर वेळी विचारायचे. काका म्हणायचे, ‘बाद में.’

काकांचा स्वतःचा राजा म्हणजे त्यांच्या कंपनीचा म्हातारा मालक. मालकाला तिथे सगळे अरबाब म्हणतात. या अरबाबने काकांना पहिला व्हिसा दिला होता, आणि निनादच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाच्या जन्माच्या वेळी स्वतःची गाडी दवाखान्यात जायला पाठवली होती. काकांच्या दृष्टीने एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या कंपन्यांनी त्यांना बोलावलं, ते गेले नाहीत. दुबईत काचेचे टॉवर उगवायला लागले, एक नवी मोठी कंपनी आली आणि तिने काकांच्या ऑफिसातली निम्मी माणसं उचलली, तरी ते गेले नाहीत. अरबाब थकले होते, कामं कमी होत होती, पण काका रोज इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर.

आणि मग निनाद पुण्याहून इंजिनिअर होऊन परत आला आणि नेमका त्या नव्या कंपनीत लागला. आधी सांगितलं नाही. नेमणूक झाल्यावर पेढे घेऊन आला. त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. काकांनी कंपनीचं नाव ऐकलं, पेढा हातात तसाच धरला, आणि म्हणाले, ‘कोणाकडे चाललायस ते कळतंय का तुला?’

‘बाबा, इट्स जस्ट अ जॉब,’ निनाद म्हणाला. तो चांगला मुलगा होता, नुसता थकलेला होता. लहानपणापासून सर अँब्रोज ऐकून त्याचे कान किटले होते.

‘राल्फही हेच म्हणाला होता,’ काका म्हणाले आणि पेढा ताटलीत परत ठेवला.

त्यानंतर ते मुलाशी बोलेनात. एकाच टेबलावर बसून मावशीच्या मार्फत मीठ मागायचे. टीव्हीवर निनादचा पदवीच्या झग्यातला फोटो होता, तो काकांनी एका सकाळी भिंतीकडे तोंड करून ठेवला. मावशीने तो सरळ केला. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा भिंतीकडे, दुपारी पुन्हा सरळ. निनादने थोडे दिवस हे पाहिलं आणि मग त्याने दुबई मरीनाला, तेव्हा नुकत्याच उठलेल्या टॉवरांपैकी एकात, ऑफिसातल्या दोघांबरोबर राहायला सुरुवात केली. जाताना आईला म्हणाला की जाण्या-येण्याचा त्रास वाचेल. ते खरंही होतं. सबंध उन्हाळा तो शुक्रवारी काका झोपलेले असताना यायचा आणि ते उठायच्या आत जायचा. काका जागेच असायचे, हे मावशी मला सांगायची. डोळे मिटून आतून त्याचा आवाज ऐकत पडायचे.

गाडीत या दिवसांत गोष्ट बंद पडली होती. रेडिओ लागायचा. जोसेफना ते सहन होईना. एकदा त्यांनी स्वतःच पहिली लढाई सांगायला सुरुवात केली आणि घोड्याचा नाल चुकीच्या पायाचा पाडला, तरी काकांनी दुरुस्त केलं नाही.

हिवाळा लागता लागता मावशी भाचीच्या लग्नाला नाशिकला गेली. ती तिकडे असतानाच एका संध्याकाळी, आम्ही शारजाच्या वाटेवर गाड्यांच्या गर्दीत अडकलेले असताना, काकांचा मोबाइल वाजला. मावशी होती. निनादला कांजिण्या झाल्या होत्या. ऐन तेविशीत, लहान मुलांचा आजार. अंगभर फोड, सडकून ताप, आणि सोबतच्या दोघांनी घाबरून दुसरीकडे मुक्काम हलवलेला. माझं नाव घेऊन, त्याला तिकडे पाठवा, एवढं सांगायला मावशीने फोन केला होता. नवऱ्याला जा म्हणायचं तिला धाडस झालं नसावं. काका ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला.

गाडी बराच वेळ जागची हलली नाही. मग काका समोर बघत हिंदीत बोलायला लागले. मला वाटलं, फोनबद्दल काही सांगताहेत. ते राल्फबद्दल बोलत होते.

वाडा शाबूत राहिला तो राल्फमुळे. त्याने आपल्या लोकांपुढे शब्द टाकून तो पाडू दिला नव्हता. सर फ्रान्सहून आले ते त्याच वाड्यात राहिले, तो कोणी वाचवला हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी मुलाला बोलावलं नाही. तसबीर भिंतीकडेच होती. राल्फ जवळच्याच गावात बायको-मुलाबरोबर राहत होता. एका हिवाळ्यात तो तापाने आजारी पडला. सरांच्या कानावर आलं. त्यांनी विचारपूस करायला नोकर पाठवला. नोकर आला आणि म्हणाला, धाकटे मालक तुमचीच विचारपूस करत होते. दुसऱ्या दिवशी सरांनी घोडा काढायला सांगितला.

‘फिर? मिला?’ जोसेफनी मागून विचारलं.

‘लेट हो गया,’ काका म्हणाले. ‘पहली लडाई जैसा.’

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी त्या माणसाकडून कधीही अपेक्षिलं नसतं. कायम डाव्या-उजव्या आरशात बघून, इंडिकेटर देऊन, मनात देवाचं नाव घेऊन लेन बदलणारे काका, त्यांनी एकदम गाडी आडवी घातली. तीन लेनमधल्या लोकांचे हॉर्न आणि चार भाषांमधल्या शिव्या अंगावर घेत बाहेरच्या रस्त्याला लागले, वळले, आणि उलट दिशेने दुबईकडे निघाले. तो रस्ता मोकळा होता. जोसेफना घरी उतरवायचं राहूनच गेलं; त्यांची तक्रार नव्हती. ते पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून पुढे वाकून बसले होते आणि मधूनच अरबीत ‘यल्ला, यल्ला’, चला चला, म्हणत होते. सर अँब्रोजच्या घोडदळात भरती झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मरीनाच्या त्या टॉवरमध्ये काका याआधी कधी गेले नव्हते. तरी लिफ्टसमोर दोन क्षण थांबून त्यांनी लॉबीच्या खिडकीची चौकट अंगठ्याने दाबून पाहिली, आणि माझ्याकडे बघून नाइलाजाने मान डोलावली. काम शत्रूचं होतं, पण चांगलं होतं. निनादने दार उघडलं तेव्हा तो नखशिखांत गुलाबी औषध फासून उभा होता. बापाला पाहून तो मागे सरला.

‘बाबा, डोन्ट कम निअर. इट्स कंटेजियस. तुम्हाला झाल्या होत्या का कधी?’

‘कपडे घे,’ काका म्हणाले. ‘घरी चल.’

एवढंच बोलणं झालं. निनाद पिशवी भरायला आत गेला. काकांनी त्याच्या गादीवरची चादर काढून घडी केली, ओट्यावरचं उष्टं भांडं धुतलं, आणि पिशवी स्वतः उचलली. परतताना जोसेफ आणि मी मागे बसलो, कारण आम्हाला दोघांनाही लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या की नाही ते नक्की आठवत नव्हतं. निनाद पुढे डोळे मिटून पडला होता. काकांनी एसी त्याच्या अंगावर येऊ नये म्हणून झडप हाताने धरून ठेवली होती आणि एका हाताने गाडी चालवत होते.

काकांना कांजिण्या झालेल्या नव्हत्या. निनाद बरा होत आला आणि काकांना ताप भरला. मावशी नाशिकहून परतली तेव्हा नवरा गुलाबी, मुलगा गुलाबी, दोघे दोन पलंगांवर, आणि काका सर अँब्रोज सुरुवातीपासून सांगताहेत, असं दृश्य तिला दिसलं. निनाद भिंतीकडे तोंड करून ऐकत होता, आणि मधूनच म्हणत होता की बाबा, तुमचं ताटल्यांचं राहून गेलं. टीव्हीवरचा फोटो सरळ होता. मावशीने बॅग खाली ठेवली आणि दोघांसाठी पेज टाकली. अंबूरावांबद्दल ती काही बोलली नाही.

निनादने नोकरी सोडली नाही, आणि काकांनी आपली सोडली नाही. फक्त दर शुक्रवारी आता दोघे जेवणाच्या टेबलावर एकमेकांच्या कंपन्यांच्या खिडक्यांना नावं ठेवायचे, आणि मावशी म्हणायची, पाणी आत आलं तर दोघांच्याही येतं. दोन-तीन वर्षांत अरबाब वारले. कंपनी पुतण्याकडे गेली आणि काकांच्या निवृत्तीचा दिवस आला. निनाद आणि मी त्यांना आणायला गेलो होतो, म्हणून तो छोटासा समारंभ मी दारातून पाहिला. पुतण्याने काकांच्या गळ्यात हात टाकून, हबीबी म्हणून, दोन वाक्यं बोलून घड्याळ दिलं. नाव मात्र त्याने चुकीचं घेतलं, तेही दोनदा. जोसेफचा चेहरा लाल झाला. काका वाकून नमस्कार करून आभार मानून बाहेर आले.

लिफ्टमध्ये मला राहवलं नाही. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी निदान नाव तरी. काका म्हणाले की नवा राजा गादीवर आला तेव्हा सर अँब्रोजही लंडनला मुजऱ्याला गेले होते. राजा जाता जाता थांबला आणि शेजारच्याला विचारता झाला, हे कोण. ‘राजाला सगळी नावं कशी लक्षात राहणार,’ काका म्हणाले, अगदी मनापासून, कोणाला टोमणा न मारता.

गाडी निनाद चालवत होता. काका शेजारी बसले होते, हातात घड्याळाचा डबा, आणि बाहेर नेहमीची गर्दी. सूर्य डावीकडच्या इमारतींच्या मागे गेला होता. पुढच्या महिन्यात मावशी आणि ते कायमचे नाशिकला राहायला जाणार होते. निनादचं लग्न ठरलं होतं. मुलगी इथलीच, तीही इंग्रजीतच उत्तर देणारी. मी विचारलं, ‘काका, लंडनहून परत आल्यावर सरांचं काय झालं?’

‘काही नाही,’ ते म्हणाले. ‘म्हातारे झाले. घरी राहिले. राल्फचा मुलगा होता ना, तो यायला लागला. त्याला घोड्यावर बसायला शिकवलं.’ मग म्हणाले, ‘तसबीर सरळ केली होती.’

हे पाद्र्याने लिहिलेलं होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. निनादनेही विचारलं नाही. पुढच्या गाड्या हलल्या होत्या आणि मागचे हॉर्न देत होते, पण त्याचा पाय अजून ब्रेकवरच होता.